छापखान्यातली जॉब-वही आणि गूगल शीट्स : वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

पुण्याच्या पेठेत आमचा जुना ऑफसेट छापखाना आहे आणि त्याला जोडून थोडे प्रकाशनाचेही काम चालते. मशीनवर तिघे, बांधणीत चौघीजणी, अक्षरजुळणीला दोघे, एक ज्येष्ठ मुद्रितशोधक, एक हिशेबनीस, काउंटरवर एक जण, प्लेट आणि कागदाची ने-आण करणारा एक मुलगा आणि मी, अशी आम्ही १४ माणसे. कोणते काम कोणापाशी अडकले आहे हे कळण्याचे आमचे एकमेव साधन म्हणजे काउंटरवरची लाल कापडी पुठ्ठ्याची जॉब-वही. २०२४च्या गुढीपाडव्याला ही वही बंद करून तिच्या जागी गूगल शीट्स हे ऑनलाइन कोष्टक आणायचे, मजकुराची ये-जा गूगल डॉक्सवर करायची आणि छपाईसाठी तयार झालेल्या पीडीएफ फायली गूगल ड्राइव्हवर ठेवायच्या, असे आम्ही ठरवले. त्याला वर्ष झाले. या वर्षात शाळांच्या वह्या, गणेश मंडळांची पावतीपुस्तके आणि अहवाल, दोन दिवाळी अंक आणि विधानसभा निवडणुकीची पत्रके एवढे सगळे काम या साधनांवरून गेले आहे, त्यामुळे त्यांच्याविषयी चार गोष्टी सांगण्याइतका अनुभव गाठीशी जमला आहे.

साधन चांगले आहे, हे पहिल्या आठवड्यातच कळले. माणसे ते वापरतील का, हे कळायला मात्र दिवाळी उजाडली. म्हणून या परीक्षणात मी सोयींची यादी देत बसणार नाही. कोणत्या सोयीने आमची माणसे पुढे आली आणि कोणत्या सोयीने ती मागे सरली, एवढेच पाहणार आहे. चाळीस वर्षे मशीन चालवलेला माणूस मोबाइलवर तिकीट काढतो, नातवाशी व्हिडिओवर बोलतो, भाजीवाल्याला क्यूआर कोडवर पैसे देतो. त्याला शीटमधल्या एका चौकटीत 'छापून झाले' असे लिहिता येत नाही यावर माझा विश्वास बसत नव्हता, आणि आता तर अजिबात बसत नाही. त्याला ते येत होते, फक्त करायचे नव्हते. ते का करायचे नव्हते हे समजायला मला फार वेळ लागला.

आधी स्पर्धकाविषयी सांगतो. अशा लेखांत गूगलची तुलना मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलशी किंवा झोहोशी करण्याची पद्धत आहे. ही दोन्ही साधने भक्कम आहेत. चेन्नईच्या झोहोने तर आपले ऑनलाइन लेखनाचे साधन २००५ साली, म्हणजे गूगल डॉक्सच्याही आधी बाजारात आणले होते. पण आमच्यासारख्या ठिकाणी खरा स्पर्धक व्हॉट्सअ‍ॅप हाच असतो. ग्राहक मुखपृष्ठ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, दुरुस्ती बोलून पाठवतो, 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'हेच घ्या' अशा नावांच्या तीन फायली एकाच दुपारी येतात, आणि चौथी फाइल अक्षरजुळणी करणाऱ्याच्या खाजगी क्रमांकावर येते, जी बाकी कोणी पाहिलेलीच नसते. हे सगळे अत्यंत सोयीचे आहे, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. जे साधन आधीच हातात आहे आणि ज्याला शिकवणी लागत नाही, त्याच्यासमोर नवे साधन केवळ 'अधिक चांगले' असून भागत नाही. गटात टाकलेला निरोप वर सरकून दिसेनासा होतो आणि शीटमधली ओळ जागच्या जागी राहते, हा फरक मी सगळ्यांना निदान दहा वेळा समजावून सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गटात निरोप टाकला.

शिकवणीचा प्रयोगही आम्ही करून पाहिला. शहरातील एका सल्लागार संस्थेकडून दोन तासांचे प्रशिक्षण घेतले. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा जेवढा होता तेवढाच माझाही होता. पडद्यावर इंग्रजी स्लाइड, उदाहरणात एका कल्पित कंपनीची त्रैमासिक विक्री, आणि ऐकायला कागदाच्या रिमा मोजणारी माणसे. बांधणीतल्या एका ताईंनी शेवटी विचारले की, 'यात फॉर्मे कुठे लिहायचे?' त्याचे उत्तर प्रशिक्षकांकडे नव्हते. आमच्याकडे सोळा पानांचा एक फॉर्मा हेच मोजमाप आहे. पुस्तक दहा फॉर्म्यांचे असेल तर सात घडी होऊन आले आणि तीन मशीनवर आहेत, हे ज्या कोष्टकात लिहिता येत नाही ते कोष्टक आमच्या काय उपयोगाचे? पुढच्या रविवारी मी आणि काउंटरवरच्या दादांनी जुनी वही शेजारी ठेवून तिच्यातल्या रकान्यांच्याच क्रमाने, तिच्यातल्याच शब्दांत नवी शीट बनवली : जॉब क्रमांक, पक्षकार, काम, प्रती, कागद, प्लेट आली, फॉर्मे छापले, घडी, शिलाई, कटिंग, पोच. एकही इंग्रजी शीर्षक नाही. त्यानंतर 'हे कुठे लिहायचे' असा प्रश्न कोणी विचारला नाही. एवढे काम मी आधी केले असते तर दोन तास आणि प्रशिक्षणाची फी, दोन्ही वाचली असती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शीट्सची सर्वांत वाखाणली जाणारी सोय म्हणजे तिची आठवण. कोणी, कधी, काय बदलले हे तिला ठाऊक असते. 'व्हर्जन हिस्टरी' उघडली की गेल्या महिन्यातल्या मंगळवारी सकाळी शीट कशी दिसत होती ते दिसते. एकाच चौकटीवर उजवी कळ दाबली तरी त्या चौकटीचा पूर्वेतिहास नावानिशी आणि वेळेनिशी समोर येतो. मालकाच्या दृष्टीने याहून गोड दुसरे काही नाही. मीही पहिल्या महिन्यात त्या गोडीला भुललो. एका शनिवारी पगार वाटून झाल्यावर मी मोठ्या पडद्यावर शीट उघडली आणि एका पावतीपुस्तकाच्या कामात 'कागद ७० जीएसएम'चे '६० जीएसएम', म्हणजे जास्त पातळ कागद, कोणी आणि किती वाजता केले, हे सगळ्यांसमोर दाखवले. माझा हेतू साधनाची ताकद दाखवण्याचा होता. प्रत्यक्षात मी एका मुलाचा जाहीर पंचनामा केला.

सोमवारपासून शीट शांत झाली. नोंदी बंद पडल्या नाहीत, पण दिवसभर एकही ओळ हलायची नाही आणि संध्याकाळी सहाला, सगळ्यांनी आपापसांत बोलून घेतल्यावर, काउंटरवरच्या एकाच संगणकावरून, एकाच नावाने, बाराच्या बारा कामांच्या नोंदी दहा मिनिटांत व्हायच्या. म्हणजे वही बंद झालीच नव्हती, ती फक्त काचेआड गेली होती. मी हिशेबनीस ताईंना कारण विचारले. त्यांनी जे सांगितले ते या सबंध वर्षातले सर्वांत उपयोगी वाक्य ठरले : 'साहेब, वहीत चूक झाली की वही चुकते. इथे माणूस चुकतो.'

हे ऐकल्यावर जुन्या वहीकडे मी नव्या नजरेने पाहिले. तिच्यात खाडाखोड होती, व्हाइटनरचे डाग होते, तीन माणसांचे सारखे दिसणारे गिचमिड अक्षर होते, आणि त्या गिचमिडीत प्रत्येकाला थोडी सावली मिळत होती. नवे साधन ती सावली काढून घेते. सहकार्यासाठी बनवलेल्या साधनाकडे कर्मचारी पाळतीचे साधन म्हणून पाहतो, तेव्हा तो अडाणी नसतो; तो ते साधन आपल्यापेक्षा अधिक नीट वाचत असतो. ताईंना हे लगेच कळले, याचे एक कारण असेही असावे की त्यांचा हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी रोजचा संबंध आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहणे आणि ती बंद करता न येणे हे कायद्याने आवश्यक झाले आहे. आमची भागीदारी संस्था असल्याने तो नियम आम्हाला लागू नाही, पण ताई बाहेरच्या एका कंपनीचेही हिशेब पाहतात आणि 'एडिट लॉग' म्हणजे काय हे त्यांना चांगले माहीत आहे. तिथे ती नोंद लेखापरीक्षकासाठी असते. इथे ती कोणासाठी आहे, हे मी कोणालाच सांगितले नव्हते.

मग आम्ही एक कागद लिहिला आणि मशीनशेजारच्या फळ्यावर लावला. शीटमधला पूर्वेतिहास चूक दुरुस्त करण्यासाठी उघडला जाईल, माणूस शोधण्यासाठी नाही. त्यावरून कोणाचा पगार कापला जाणार नाही. आणि तो उघडायचा असेल तेव्हा ज्याच्या कामाची ती ओळ आहे तो माणूस शेजारी हजर असेल. खाली माझी सही. कागदावर लिहिलेल्याला आमच्याकडे अजून मान आहे. तरीही त्या कागदावर विश्वास बसायला एक प्रसंग घडावा लागला.

ऑगस्टचा शेवट होता आणि मंडळांची पावतीपुस्तके रांगेत होती. काउंटरवरून कोणीतरी 'पक्षकार' हा एकच रकाना निवडून अकारविल्हे लावला. नावे वरखाली झाली, बाकीचे रकाने जागेवरच राहिले. म्हणजे एका मंडळाच्या नावापुढे दुसऱ्याच मंडळाच्या प्रती, तिसऱ्याचा कागद आणि चौथ्याच्या पोचेची तारीख. ज्याने शीट उघडली त्याच्या पोटात गोळा आला असेल. पूर्वीची गोष्ट असती तर ही भानगड दोन दिवस लपून राहिली असती आणि कोणत्यातरी मंडळाचे नाव दुसऱ्याच्या पुस्तकावर छापले गेले असते. या वेळी वीस मिनिटांत तो मुलगा स्वतः माझ्याकडे आला आणि म्हणाला, 'माझ्याकडून सॉर्ट झालं, तुम्ही शेजारी बसा, हिस्टरी उघडू.' आम्ही दोघांनी ती उघडली.

इथे एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण तो शिकवणीत कोणी सांगत नाही. जुनी आवृत्ती 'पुनर्स्थापित' केली की सबंध शीट त्या क्षणाला जाते. म्हणजे त्यानंतरच्या वीस मिनिटांत इतरांनी केलेल्या चांगल्या नोंदीही पडद्यावरून जातात. इतिहासात त्या शाबूत असतात, पण मशीनवरच्या माणसाला आपली आत्ताची नोंद नाहीशी झालेली दिसते आणि त्याचा पुन्हा विश्वास उडतो. म्हणून आम्ही जुन्या आवृत्तीची वेगळी प्रत काढली, तिच्यातून फक्त बिघडलेला रकाना उचलून चालू शीटमध्ये चिकटवला आणि त्या वीस मिनिटांत भर पडलेल्या दोन ओळी हाताने जुळवल्या. त्या दिवसापासून शीर्षकांची ओळ आणि पहिले तीन रकाने संरक्षित आहेत, आणि ज्याला यादी आपल्या सोयीने लावून पाहायची असेल त्याने 'फिल्टर व्ह्यू' वापरायचा, ज्यात दुसऱ्या कोणाचे दृश्य बदलत नाही, असा दंडक आहे. ही सोय मेनूत इतकी आत दडलेली आहे की ती नवख्या माणसाला सापडणे कठीण. माझ्या मते बहुसंख्य कार्यालयांना शीट्समधली पहिली शिकवायची गोष्ट हीच असावी, सूत्रे वगैरे नंतर.

साधन रुळण्याचे दुसरे कारण मशीनवरचे काका. दिवाळी अंकांच्या हंगामाआधी मी एवढेच ठरवून दिले की शीटमध्ये ज्या कामाची ओळ नाही आणि 'प्लेट तपासली' या चौकटीत खूण नाही, त्याची प्लेट मशीनवर चढणार नाही. नियम सगळ्यांना सारखा. पहिला तडाखा मलाच बसला. एका परिचित प्रकाशकाच्या पाचशे आमंत्रणपत्रिका मी तोंडी सांगून, प्लेट हातात घेऊन मशीनपाशी गेलो. काकांनी हात पुसले, खिशातून फोन काढला, शीट वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाले, 'यात नाहीये.' मी म्हणालो, 'अहो, मी सांगतोय ना.' ते म्हणाले, 'तुम्ही सांगताय, पण यात नाहीये.' मी काउंटरवर जाऊन ओळ भरली. ही हकीकत तासाभरात बांधणीपर्यंत पोचली आणि त्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावरचे कामाचे निरोप निम्म्याने कमी झाले. दहा वेळा समजावून जे झाले नव्हते ते काकांच्या दोन वाक्यांनी झाले.

आता डॉक्सकडे. शीट्सचे मूल्यमापन मी जितक्या समाधानाने करू शकतो तितक्या समाधानाने हे करता येणार नाही. आमचे मुद्रितशोधक सत्तरी ओलांडलेले आहेत. लाल शाई, समासातल्या खुणा आणि कागदावर तिरपा धरलेला फूटपट्टीचा आडोसा यांच्याशिवाय त्यांचे काम होत नाही. डॉक्समध्ये 'सजेस्टिंग' नावाची पद्धत आहे. तिच्यात केलेली दुरुस्ती थेट लागू न होता सूचना म्हणून रंगाने दिसते आणि मूळ मजकुराचा धनी ती बरोबरची खूण करून स्वीकारतो किंवा फुली मारून नाकारतो. तंत्र म्हणून हे मुद्रितशोधनाच्या अगदी जवळचे आहे. पण पंचवीस वर्षांचा अक्षरजुळणी करणारा आपली दुरुस्ती 'नाकारू' शकतो, ही कल्पनाच त्यांना सहन होईना, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. छापखान्यात मुद्रितशोधकाची खूण हा हुकूम असतो. शेवटी तोड अशी निघाली की शुद्धलेखनाची दुरुस्ती ते थेट करतात. सूचना फक्त आशयाविषयी, म्हणजे लेखकाला विचारायच्या गोष्टींविषयी, आणि ती स्वीकारायची की नाही हे लेखक ठरवतो. लेखकाने नाकारली तर त्यांना त्याचे वाईट वाटत नाही, ते पूर्वापार तसेच चालत आले आहे.

एक व्यावहारिक अडचण मात्र राहते. 'पाणि'चे 'पाणी' करताना फक्त वेलांटी बदलली, तर सूचनेत नेमके काय बदलले हे डोळ्याला चटकन कळत नाही. म्हणून संपूर्ण शब्द खोडून नव्याने टंकायचा, अशी सवय लावून घ्यावी लागते. आणि अंतिम तपासणी अजूनही छापील प्रतीवरच होते. ती तशीच राहावी असे माझे मत आहे. पडद्यावर दहा वेळा वाचलेला मजकूर कागदावर आला की अकरावी चूक दाखवतोच.

याच संदर्भात एक गमतीचा प्रकार. एका दिवाळी अंकाच्या लेखकांना आम्ही 'दुवा असलेल्या कोणालाही' पाहता येईल अशी फाइल पाठवली होती. खात्यात प्रवेश न करता अशी फाइल उघडणाऱ्याला गूगल एखाद्या प्राण्याचे नाव देते. मुद्रितशोधक काकांच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक अनामिक कॅपिबारा उगवला आणि तो तासभर हलेना. काकांनी काम थांबवले. 'कोण आहे ते कळल्याशिवाय मी दुरुस्ती करणार नाही,' असे त्यांचे म्हणणे. तो बहुधा लेखकाचा फोन असावा, पण काकांचा आक्षेप मला योग्य वाटला. कोण पाहत आहे ते माहीत नसताना काम करणे आणि कोण पाहत आहे ते पक्के माहीत असताना काम करणे, या दोन्हींत माणूस सारखाच अवघडतो. त्यानंतर फाइल नेहमी ठरावीक ईमेलनाच दिली जाते. थोडा व्याप वाढतो, पण कॅपिबारा येत नाही.

मराठीपुरते बोलायचे तर साधन तयार आहे, आम्ही तयार नाही. डॉक्सचे मेनू मराठीत करता येतात, मराठी बोलून टंकता येते, आणि मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडवलेली मुक्ता आणि बलू ही देवनागरी अक्षरे त्यात हाताशी आहेत. खरे दुखणे आमच्या जुन्या फायलींचे आहे. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि तिच्यासारख्या इतर फाँटांवर मराठी छपाईच्या दोन पिढ्या पोसल्या गेल्या. त्या ऋणाबद्दल दुमत नाही. परंतु त्या जुन्या फायलींतला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या प्रमाण संकेतात, नाही, त्यामुळे तो डॉक्समध्ये टाकला की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. पेजमेकर या पानजुळणीच्या जुन्या सॉफ्टवेअरला तर युनिकोड ठाऊकच नाही, आणि आमच्या काही नियमित ग्राहकांची कामे अजून पेजमेकरमध्येच आहेत. तेव्हा 'सगळे ऑनलाइन आणा' असे म्हणणाऱ्याने आधी हे विचारावे की मजकूर कोणत्या संकेतात आहे. परिवर्तकाने तो बदलता येतो, पण जोडाक्षरे आणि रफार एकेक करून तपासावे लागतात, आणि ते काम कोणाच्या वेळेतून निघणार हे आधी ठरवावे लागते.

युनिकोड असले म्हणजे सगळे सुरळीत, असेही नाही. वर्षअखेरीस गावनिहाय विक्री काढायला घेतली तेव्हा सातारा जिल्ह्यातले एकच गाव तीन वेळा आले. एक 'कराड' होते, ते समजण्यासारखे आहे. उरलेली दोन्ही 'कऱ्हाड' होती, डोळ्याला तंतोतंत सारखी. पण त्या अर्ध्या र साठी युनिकोडमध्ये दोन वेगवेगळ्या रचना प्रचलित आहेत. वेगवेगळ्या कळफलकांवरून टंकल्याने एकात एक आली आणि दुसऱ्यात दुसरी, आणि शीटच्या लेखी ती दोन वेगळी गावे झाली. उपाय सोपा आहे : गावाचे नाव टंकायचेच नाही, आधी भरून ठेवलेल्या यादीतून निवडायचे. अशी निवडयादी चौकटीत बसवायला पाच मिनिटे लागतात. आम्ही ती बसवली आणि तेव्हापासून ने-आण करणाऱ्या मुलाचेही काम हलके झाले, कारण फोनवर टंकणे हाच त्याचा मोठा वैताग होता.

त्या मुलासाठी आणि बांधणीतल्या चौघींसाठी तर आम्ही शीट उघडायचीच गरज ठेवलेली नाही. फोनवर शीटच्या चौकटी बारीक दिसतात, बोट घसरले की भलत्याच ओळीत नोंद होते, आणि ही फोनवरच्या वापराची उणीव मान्य केलीच पाहिजे. त्यांच्यासाठी एक गूगल फॉर्म आहे : जॉब क्रमांक निवडा, टप्पा निवडा, पाठवा. उत्तरे आपोआप शीटच्या दुसऱ्या पानावर जमा होतात. बांधणीतल्या ताईंना यात एक जास्तीचे सुख आहे असे त्यांनीच सांगितले. शीटमध्ये काही बिघडेल ही धास्ती राहत नाही, कारण फॉर्ममधून बिघडवण्यासारखे काही हाताला लागतच नाही.

ड्राइव्हविषयी थोडक्यात. छपाईसाठी तयार पीडीएफ एकाच दुव्यावर ठेवून तिची नवी आवृत्ती त्याच जागी चढवता येते. दुवा बदलत नाही, त्यामुळे 'फायनल नवीन' हा शब्दप्रयोग आमच्याकडून जवळजवळ हद्दपार झाला आहे. मात्र अशा पीडीएफच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनंतर किंवा १०० आवृत्त्या झाल्यावर पुसल्या जाऊ शकतात. हवी ती आवृत्ती 'कायम ठेवा' असे सांगून जपावी लागते. कचरापेटीतली फाइलही ३० दिवसांनी जाते. निवडणुकीच्या काळात हे लक्षात ठेवणे महत्त्वाचे ठरले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमानुसार पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता लागतो, आणि प्रकाशकाची सही व त्याला ओळखणाऱ्या दोघांची साक्ष असलेले निवेदन दोन प्रतींत घेतल्याशिवाय छापता येत नाही. प्रत्येक कामाच्या फोल्डरात निवेदनाची स्कॅन प्रत, मंजूर पीडीएफ आणि छापील पत्रकाचे छायाचित्र एकत्र राहिल्यामुळे कागदपत्रे सादर करताना धावपळ झाली नाही. मूळ कागद अर्थातच कपाटात आहेत.

वीज आणि इंटरनेट हा प्रश्न आमच्या भागात गुरुवारी हमखास येतो, कारण दुरुस्तीसाठी वीज त्या दिवशी जाते. ऑफलाइन काम करायची सोय आहे, पण ती क्रोममध्ये आधीपासून चालू करून ठेवावी लागते. वीज गेल्यावर आठवून उपयोग नसतो. आम्ही दर बुधवारी संध्याकाळी चालू कामांची एक छापील यादी काढतो. छापखान्याला कागदाचे काय वावडे?

राहिला खर्च. सुरुवातीचे आठ महिने आम्ही वैयक्तिक, मोफत खात्यांवर काढले. तिथे जीमेल, ड्राइव्ह आणि छायाचित्रे मिळून १५ जीबी जागा मिळते, आणि मुखपृष्ठांच्या फायलींनी ती दिवाळीच्या आधीच भरली. त्याहून मोठी गोष्ट अशी की मोफत खात्यात फाइलची मालकी व्यक्तीची असते. अक्षरजुळणीचा एक मुलगा नोकरी सोडून गेला तेव्हा एका अंकाच्या अकरा फायली त्याच्या खात्यात होत्या. मुलगा भला होता, त्याने एका संध्याकाळी बसून सगळ्यांची मालकी बदलून दिली. पण धंदा असा कोणाच्या भलेपणावर ठेवू नये. डिसेंबरपासून सहा जणांसाठी आम्ही गूगल वर्कस्पेसची सशुल्क खाती घेतली आहेत, ज्यात सर्वांत खालच्या योजनेत माणशी ३० जीबी जागा आहे आणि माणूस गेला तरी खात्याचा ताबा संस्थेकडे राहतो. बांधणी आणि ने-आण यांचे काम फॉर्मवर भागत असल्याने त्यांच्यासाठी खाती घेतलेली नाहीत. चार-पाच माणसांच्या आणि कमी फायलींच्या ठिकाणी मोफत खाते पुरेल, पण फायली संस्थेच्या नावाने काढलेल्या एकाच खात्यात ठेवाव्यात आणि त्याचा संकेतशब्द मालकाशिवाय आणखी एकाला ठाऊक असावा.

शीट्सला मी पाचपैकी साडेचार देईन, फॉर्मला पूर्ण पाच, ड्राइव्हला चार आणि डॉक्सला, मराठी मुद्रितशोधनापुरते, तीन. मुद्रितशोधक काकांना हे आकडे वाचून दाखवले तेव्हा त्यांनी डॉक्सचे तीन कापून अडीच केले, थेट, सूचना म्हणून नव्हे.